‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ घेतलं, पण चारही सिव्हनी हरतोय: काय चुकतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी हॉस्टेलच्या दिवसांत ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ हा गाव वसवून लढायचा संगणकीय खेळ आणि त्याचं ‘द कॉन्करर्स’ हे एक्स्पान्शन (मूळ खेळाची पुरवणी) भरपूर खेळलं. तेव्हा कायम फ्रँक्स ही सिव्ह (सिव्हिलायझेशन, म्हणजे खेळताना निवडायची सत्ता) घ्यायचे, नाइट हे चिलखती घोडेस्वार काढायचे, पुढे त्यांचे पॅलाडिन करून समोरच्याला झोपवायचे. पंधरा-सोळा वर्षांनी ते परत आलेत, ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ या नव्या आवृत्तीवर ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हे एक्स्पान्शन विकत घेतलंय आणि चारही भारतीय सिव्हनी सलग हरतायत. हत्ती काढले की मरतात, उंट काढले की तिरंदाज टिपतात. कुठली सिव्ह आधी शिकावी, हत्ती वापरायचे कसे आणि या एवढ्या भारतीय एक्स्पान्शनमध्ये मराठे का नाहीत, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी हा गेम 2000 सालापासून खेळतोय आणि गेली काही वर्षं नव्यानं आलेल्यांना शिकवतोय. त्यामुळे तुमची अडचण ओळखीची आहे. तुमचा वेग कमी पडत असेल, हॉटकी विसरल्या असतील, पण मूळ गोष्ट वेगळी आहे. तुम्ही अजून नाइट शोधताय, आणि या चारही सिव्हमध्ये नाइट नाही. हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली, द्रविड, कुणाकडेच नाही. हे एक्स्पान्शन 28 एप्रिल 2022 ला आलं तेव्हा जुन्या ‘इंडियन्स’चं नाव हिंदुस्थानी झालं आणि बाकीच्या तीन सिव्ह नव्यानं आल्या. नाइट नसणं ही तेव्हा अनेकांना उणीव वाटली होती. माझ्या मते सगळ्या पॅकचा पायाच हा आहे.

नाइट नेमकं काय करतो ते पाहा. 60 अन्न, 75 सोनं, 100 हिटपॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) आणि दोन्ही प्रकारचं चिलखत. तिरंदाजांवर सोडा, पोचतो. व्हिलेजरांवर (काम करणाऱ्या गावकऱ्यांवर) सोडा, दोन-तीन मारून निसटतो. चुकीच्या ठिकाणी गेला तरी पळून परत येतो. म्हणजे तुमच्या नियोजनात जी भोकं असतात ती नाइट बुजवतो. समोरचा काय काढतोय हे न बघता खेळलं तरी बऱ्याचदा निभावतं. फ्रँक्सच्या नाइटला तर वर 20 टक्के जास्त हिटपॉइंट. इतकी वर्षं त्याच्या जिवावर खेळल्यावर डोळ्यांना समोरच्याकडे बघायची सवयच राहत नाही.

भारतीय सिव्हकडे मात्र प्रत्येक कामाला वेगळा माणूस आहे. हिंदुस्थानींचंच बघा: घोडदळाविरुद्ध उंट, तिरंदाजांविरुद्ध ‘गुलाम’ नावाचं पायदळ, पायदळाविरुद्ध बंदूकवाला, इमारतींविरुद्ध चिलखती हत्ती. एकानं दुसऱ्याचं काम केलं की तो मरतो. त्यामुळे समोरच्याचे तबेले किती, आर्चरी रेंज (तिरंदाजांच्या इमारती) किती, हे कॅसल एजच्या आधी माहीत असायलाच हवं (डार्क, फ्यूडल, कॅसल, इम्पिरियल असे या खेळाचे चार टप्पे, म्हणजे एज). स्काउट (टेहळणीचा स्वार) एकदा फिरवून विसरायचा नाही, फ्यूडलमध्ये त्याच्या गावावरून पुन्हा एक चक्कर मारायची.

तुम्ही ‘कॉन्करर्स’ खेळलायत, म्हणून आठवण करून देतो. त्या एक्स्पान्शननं हूण, माया, ॲझ्टेक, स्पॅनिश आणि कोरियन अशा पाच सिव्ह आणल्या. त्यातल्या माया-ॲझ्टेककडे तबेलाच नव्हता. पहिले काही महिने ॲझ्टेक घेऊन सगळेच हरायचे. मग ईगल वॉरियर हा पायदळातला गडी कुठे चालतो, मंक (शत्रूची माणसं फितवणारे साधू) कधी काढायचे हे कळलं आणि तेच लोक ॲझ्टेकशिवाय दुसरं काही घेईनात. इथेही तसंच आहे. फरक इतकाच की इथे तबेला समोर दिसतो, म्हणून फसायला होतं.

सुरुवात हिंदुस्थानींपासून करा.

त्यांचे व्हिलेजर स्वस्त आहेत आणि प्रत्येक एजला ही सवलत वाढते. ऐकायला ही फार मोठी गोष्ट वाटत नाही. पण व्हिलेजर 50 अन्नाला, तयार व्हायला 25 सेकंद, आणि एका सामन्यात तुम्ही शंभरच्या वर व्हिलेजर काढता. त्यात वाचलेलं अन्न पहिल्या दहा मिनिटांतच जाणवायला लागतं. फ्यूडलला जाताना अन्न जमवण्यासाठी टाउन सेंटर (व्हिलेजर तयार करणारी मुख्य इमारत) थांबवून ठेवायची खोड जवळपास सगळ्यांना असते. या सिव्हमध्ये ती सोडणं सोपं जातं. टाउन सेंटर दोन मिनिटं रिकामं राहिलं म्हणजे जवळजवळ पाच व्हिलेजर गेले, आणि ते पाच परत कधीच भरून निघत नाहीत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिले पंधरा दिवस मी लढाईबद्दल काही सांगतच नाही. टाउन सेंटर रिकामं राहू देऊ नका, एवढंच सांगतो.

पुढचं असं. सहा जण मेंढ्यांवर, तीन-चार लाकडावर, दोन्ही रानडुकरं ओढून टाउन सेंटरखाली आणायची, मग बेरी. विसाच्या आसपास लोकसंख्या झाली की फ्यूडलचं बटण. तबेला एक, स्काउट तीन ते पाच. या स्काउटांकडून मोठी लूट होईल अशी अपेक्षा धरू नका. त्याचे लाकूडतोडे दोनदा आत पळायला लागले आणि त्याच्या इमारती तुम्हाला दिसल्या की त्यांचं काम झालं. नंतर शेती वाढवत कॅसल एज. त्याचे तबेले दिसले तर उंट. हिंदुस्थानी उंटांचा हल्ला वेगवान आहे आणि इम्पिरियल कॅमल रायडर फक्त त्यांच्याकडेच आहे. फ्रँक्स घेऊन आलेला माणूस तुमच्यासमोर अक्षरशः अडकतो. त्याच्या आर्चरी रेंज दिसल्या तर उंट काढायचे नाहीत, एकही नाही. तुम्ही नेमकं हेच करताय असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. तिथे सुरुवातीला स्कर्मिशर (भाले फेकणारे), त्यांना सोनं लागत नाही. मग कॅसल बांधून गुलाम. हा पायदळातला माणूस चालतो भराभर, बाणांना दाद देत नाही, आणि त्याच्या भाल्याचा घाव समोरच्यातून आरपार मागच्याला लागतो. दाटीनं उभ्या असलेल्या क्रॉसबोवाल्यांत पाच-सहा गुलाम शिरले की काय होतं ते एकदा हळू वेगानं रेकॉर्डिंग लावून बघाच.

इम्पिरियलमध्ये बंदूकवाले. हिंदुस्थानींच्या बारुदी युनिटांना जादा चिलखत आहे आणि ‘शतघ्नी’ या तंत्रज्ञानानं बंदुकीचा पल्ला वाढतो. नाव महाकाव्यातल्या शस्त्राचं आणि काम बंदुकीचं, हे मला पहिल्यांदा खटकलं होतं. दुसरं तंत्रज्ञान ‘ग्रँड ट्रंक रोड’. त्यानं सोनं लवकर येतं आणि बाजारातला सौद्याचा तोटाही कमी होतो. टीममध्ये खेळत असाल तर कारवानसराय ही इमारत विसरू नका. तिच्या आसपास मालगाड्यांचा वेग वाढतो आणि त्या दुरुस्तही होत राहतात. लांबच्या टीम गेममध्ये व्यापारी रस्त्याच्या मधोमध एक बांधून ठेवावी.

आता हत्ती. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्यासारखे बहुतेक लोक हत्तींसाठीच हा पॅक घेतात.

बॅटल एलिफंटचे 250 हिटपॉइंट बघून तो अजिंक्य वाटतो. माझी एक लढाई मला अजून फ्रेम बाय फ्रेम आठवते. बंगाली घेऊन मी चौदा हत्ती जमवले होते, सगळी अपग्रेड केलेली. समोरच्याकडे होते वीस-बावीस पाइकमन (लांब भालेवाले) आणि चार मंक. मी हत्ती एका झुंडीत पाठवले. मधे एक अरुंद वाट होती, झाडांच्या दोन पट्ट्यांमधली. पुढचे तीन हत्ती भाल्यांना भिडले आणि मागचे अकरा त्यांच्या ढुंगणाला टेकून नुसते उभे राहिले. अंगानं मोठे, त्यामुळे बाजूनं जाता येईना. पाइकमन तिघांवर सगळे मिळून तुटून पडले. तोवर मंकांनी मागच्या दोघांना फितवलं, आणि ते वाटेतच उलटे फिरून माझ्याच हत्तींना मारायला लागले. दीड मिनिटात सगळं संपलं. त्याचे पाइकमन सगळे मिळून माझ्या आठ हत्तींच्याही किमतीचे नव्हते, आणि पाइकमनला सोनं लागतच नाही.

त्या लढाईत हत्तीचे सगळे दोष एका जागी दिसतात. एक तर भालेवाल्यांचा जादा मार. तो घोड्यांवर असतोच, हत्तीवर त्याहून ज्यादा. दुसरा वेग. हत्ती नाइटच्या दोन-तृतीयांश वेगानंही चालत नाही, त्यामुळे चुकला की परत येत नाही. मंकाच्या पल्ल्यात तो जास्त वेळ राहतो तो याच कारणानं. तिसरं म्हणजे त्याचं अंग. अरुंद जागेत संख्येचा काही उपयोग होत नाही.

यावर उपाय आहे. तो एकदा कळला की हत्ती सुंदर चालतात. हत्तींच्या मागे स्कर्मिशर ठेवायचे. स्कर्मिशर म्हणजे तिरंदाजांविरुद्धचं युनिट असं आपण धरून चालतो, पण त्यांना भालेवाल्यांवरही जादा मार मिळतो, हे ‘कॉन्करर्स’च्या काळातले लोक हमखास विसरतात. पाइकमन हत्तींना भिडले की मागून त्यांच्यावर भाले पडत राहतात. मंकांसाठी चार-पाच हलके घोडेस्वार वेगळ्या गटात. लढाई सुरू व्हायच्या आधीच ते बाजूनं मंकांच्या अंगावर घालायचे. लाइट कॅव्हलरीला मंकांवर जादा मार आहे आणि ती सहज फितत नाही. आणि जागा उघडी निवडायची. झाडांच्या गल्लीत हत्ती घेऊन जाऊच नका, मैदानात या, दोन रांगा करा.

हत्तीचं हे दुबळेपण गेमनं उगाच लादलेलं नाही. याच पॅकमध्ये बाबराची मोहीम आहे. 21 एप्रिल 1526 ला पानिपतावर इब्राहिम लोदीकडे हजाराच्या जवळपास हत्ती होते असं बाबरानं स्वतः लिहून ठेवलंय. त्याच्याकडे फौज कितीतरी कमी. त्यानं गाडे कातडी दोरांनी एकमेकांना बांधले, मधे आडोशासाठी फळ्या उभ्या केल्या आणि त्यामागे उस्ताद अली कुलीच्या तोफा आणि बंदूकवाले ठेवले. एक बाजू पानिपत गावाची, दुसऱ्या बाजूला खंदक आणि झाडोरा. समोरची फौज त्या अरुंद तोंडाशी आली आणि मागच्यांच्या रेट्यात अडकली. म्हणजे दोन झाडांच्या पट्ट्यांत माझं जे झालं तेच. बाबराची मोहीम खेळताना बंदुका आणि तोफा हाताशी आल्यावर तुम्ही आपोआप त्यांच्या पुढे काहीतरी आडवं उभं करायला लागता. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य मी शाळेपासून वाचत होतो. ते हाताला कळलं इथे.

चिलखती हत्तीबद्दल दोन ओळी. भारतीय सिव्हकडे रॅम (तट-दरवाजे फोडायचा ओंडका) नाही, सीज वर्कशॉपमधून त्याऐवजी हा हत्ती येतो. बाणांना तो दाद देत नाही, भिंती-कॅसल पाडतो, आणि जिवंत असल्यामुळे तुमचा मंक त्याला बरा करू शकतो. पण शेवटी तोही हत्तीच. भालेवाले दिसले की मागे घ्या. पूर्वी कॅसलमधून मिळणारा हत्तीवरचा तिरंदाजही आता आर्चरी रेंजमध्ये आलाय. तो महाग आहे, लवकर मरत नाही, आणि संथ लढाईत चांगला.

हिंदुस्थानी जमले की गुर्जर घ्या. माझी सगळ्यात आवडती सिव्ह हीच.

गुर्जरांच्या टाउन सेंटरखाली सुरुवातीलाच दोन बेरीची झुडपं असतात. त्यामुळे पहिल्या मिनिटाला मेंढी कापायची गरज नसते. आणि यांच्या मिलमध्ये मेंढ्या कोंडता येतात. कोंडलेली मेंढी हळूहळू अन्न देत राहते, शेवटपर्यंत. कापली तर 100 अन्न देऊन संपते, त्यातलंही थोडं सडून जातं. आता तुमच्यासमोर सामन्याच्या दुसऱ्याच मिनिटाला असा प्रश्न उभा राहतो की आठ मेंढ्यांपैकी किती कापायच्या आणि किती पाळायच्या. सगळ्या कापल्या तर फ्यूडल लवकर, पण ही सिव्ह घेतल्याचा अर्थ राहिला नाही. सगळ्या कोंडल्या तर सुरुवातीला उपास. मी साधारण असं करतो: दोन झुडपं आणि दोन रानडुकरांवर माणसं जगवायची, मिल लवकर बांधायची, मधे खंड पडायला लागला तर एक-दोन मेंढ्या कापायच्या आणि बाकीच्या आत. कोंडायला टाळाटाळ करू नका. बाहेर फिरणारी मेंढी शत्रूचा स्काउट पळवतो आणि मग तीच त्याच्या मिलमध्ये जाते, तोही गुर्जर असला तर. मिल कुठे बांधताय तेही महत्त्वाचं. ती पाडली गेली की ते उत्पन्न बंद, म्हणून ती टाउन सेंटरच्या मागच्या अंगाला हवी.

या हिशोबाची मला गंमत वाटते ती यासाठी की तो गुराख्याचा हिशोब आहे. विकावं की राखावं, हा प्रश्न गावाकडे कुणालाही विचारा, उत्तर पाऊसपाणी बघून देतील. एका संगणकीय खेळात तो इतक्या साधेपणानं आलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

त्यांचं सैन्य मात्र कठीण आहे. गुर्जरांना फ्यूडलमध्येच उंटावरचे स्काउट मिळतात. कॅसल एजमध्ये तबेल्यातून श्रीवंश स्वार येतो. त्याच्यावर येणारे पहिले काही बाण तो चुकवतो, आणि थोडा वेळ बाजूला राहिला की ती क्षमता परत भरते. म्हणून त्याला एकाच लढाईत चिकटवून ठेवायचं नाही. आत शिरायचं, तिरंदाज मारायचे, बाहेर यायचं, दम खायचा, पुन्हा शिरायचं. समोरासमोरच्या तलवारीपुढे आणि भाल्यापुढे तो टिकत नाही. तुमच्यासारखा नाइटवाला माणूस याला नाइट समजून पाइकमनवर घालतो आणि मग चिडतो. चक्र फेकणारे कॅसलमधून मिळतात, त्यांचं चक्र रांगेतल्या सगळ्यांना कापत जातं. सगळे जमवून खेळायला हात तयार असावे लागतात. दोन महिने द्या.

द्रविड पाण्याचे. दर एजला 200 लाकूड फुकट येतं, मासे पकडणारे जास्त ओझं आणतात, आणि तिरिसडै नावाचं मोठं लढाऊ जहाज आहे. बेटांच्या नकाशावर यांना पकडणं फार अवघड. जमिनीवर घोडदळ नावापुरतंच, त्यामुळे समोरच्यानं पळवापळवी सुरू केली की तुम्हाला धावता येत नाही. मग भिंत घालायची आणि पायदळ तयार करायचं, कारण बॅरॅक्सची (पायदळाच्या इमारतीची) तंत्रज्ञानं यांना निम्म्या किमतीत आहेत. स्कर्मिशरांचा हल्लाही 25 टक्के जलद. हत्तींच्या मागे स्कर्मिशर ठेवा असं वर म्हटलं, त्या जोडीसाठी यांच्याइतकी चांगली सिव्ह नाही.

आणि इम्पिरियलमध्ये वूट्झ पोलाद. यानं पायदळाचा आणि घोडदळाचा वार शत्रूच्या चिलखताला जुमानत नाही. पॅलाडिनची सगळी चिलखतं समोरच्यानं पैसे मोजून घेतली, ती तुमच्या साध्या तलवारवाल्यापुढे नसल्यासारखी. ‘वूट्झ’ हा शब्द ‘उक्कु’ या कानडी-तेलुगू शब्दावरून युरोपात गेला असं मानतात. मुशीत लोखंड आणि कोळसा बंद करून वितळवायचं आणि अगदी सावकाश थंड होऊ द्यायचं, अशी ती पद्धत. दक्षिणेतलं हे पोलाद पश्चिम आशियात जायचं आणि तिथे त्याच्या लहरी उमटलेल्या तलवारी व्हायच्या. एका क्लिकमागे एवढा मोठा उद्योग आहे.

त्यांचा उरुमीवाला छोट्या अंतराच्या लढाईत भयंकर आहे. पहिला वार साठवलेला असतो आणि आजूबाजूच्यांनाही लागतो. उरुमी म्हणजे कळरीपयट्टूमधली लवलवती तलवार. आपल्याकडचे बरेच जण तिला दांडपट्टा म्हणतात, ते बरोबर नाही. दांडपट्ट्याचं पातं सरळ असतं आणि मूठ हात कोपरापर्यंत झाकते. कोल्हापुरात मर्दानी खेळ बघितले असतील तर हा फरक लगेच कळेल.

बंगाली शेवटी शिका. प्रत्येक नव्या एजला टाउन सेंटरमधून दोन व्हिलेजर फुकट येतात, त्यांच्या हत्तींना जादा मार कमी लागतो आणि ते सहज फितत नाहीत. चांगलं आहे सगळं, पण सुरुवातीच्या दहा मिनिटांत तुमच्या हातात धारदार असं काही नसतं, आणि एकास एक खेळात त्याच वेळी मार बसतो. माझ्या वरच्या लढाईत बंगालीच होते, म्हणजे जादा संरक्षण असूनही जागा चुकली की हत्ती वाचत नाही. त्यांचा रथ तिरंदाजी आणि जवळची लढाई यांत अदलाबदल करू शकतो, ही कल्पना छान आहे. इतिहास म्हणून मात्र मला तो पटत नाही. या काळापर्यंत रथ रणांगणातून कधीच गेलेला होता. पालांच्या बंगालला देण्यासारखं नौदल होतं, हत्तीदल होतं. रथ घालायची गरज नव्हती.

मोहिमा खेळणार असाल तर बाबर, राजेंद्र आणि देवपाल या तीन आहेत. राजेंद्र चोळाची आधी खेळा. 1025 च्या सुमारास त्यानं समुद्रापलीकडे श्रीविजयावर आरमार नेलं आणि गंगेपर्यंतच्या स्वारीच्या नावानं गंगैकोंडचोळपुरम वसवलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे एका परिच्छेदात आटपतं. देवपालाबद्दल तर आपल्याकडे त्याहून कमी माहिती असते. नालंद्यात सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेवानं विहार बांधला आणि त्यासाठी देवपालानं पाच गावं दिली, असा ताम्रपट आहे. नवव्या शतकातली ही गोष्ट. त्या दोन मोहिमा पाठोपाठ खेळल्या की आग्नेय आशिया आपल्या अंगणाला किती लागून होता ते ध्यानात येतं.

आता मराठे. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, आणि त्यामागची भावना माझीही आहे. पण उत्तर काळाचं आहे. ‘एज टू’चा पट मध्ययुगाचा. ‘कॉन्करर्स’नं तो सगळ्यात जास्त ताणला तेव्हा लेपांतोची 1571 ची आणि नोरयांगची 1598 ची लढाई आली. बाबरही त्या हद्दीच्या आत बसतो. शिवाजी महाराजांचा जन्म 1630 चा, राज्याभिषेक 1674 चा. तो काळ मालिकेतल्या तिसऱ्या गेमचा आहे. त्याच्या ‘एशियन डायनॅस्टीज’ या 2007 च्या एक्स्पान्शनमध्ये ‘इंडियन्स’ ही एकच सिव्ह आली आणि मोहीम 1857 ची घेतली, मराठ्यांचा शंभर-दीडशे वर्षांचा पट मधल्यामधे राहिला. तिथे तक्रार रास्त आहे. मराठे म्हणून खेळायचंच असेल तर 2009 चा ‘एम्पायर: टोटल वॉर’ आहे. त्यात मराठा सत्ता घेऊन खेळता येतं, फक्त तो वेगळ्या जातीचा गेम आहे, नकाशावर पाळीपाळीनं आणि लढाई तेवढी प्रत्यक्ष वेळेत.

‘डायनॅस्टीज’बद्दल माझी हरकत दुसरीच आहे. कनौजसाठी तीन सत्तांची दीडशे-दोनशे वर्षं ओढाताण चालली: पाल, गुर्जर-प्रतिहार आणि राष्ट्रकूट. पहिल्या दोघांना या पॅकमध्ये स्वतःची सिव्ह मिळाली (बंगाली आणि गुर्जर). तिसऱ्याला नाही. वेरूळचं कैलास लेणं कृष्ण पहिल्याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणणारे हेच राष्ट्रकूट. दख्खन या पॅकमध्ये दोन सिव्हच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतं. यादवांचंही तेच. देवगिरी तर 1296 ला अलाउद्दीन खलजीची स्वारी येते तेव्हा या गेमच्या काळात अगदी मधोमध बसते.

मी देवगिरीचा वेढा गेमच्या सिनॅरिओ एडिटरमध्ये (स्वतःचा नकाशा रचायच्या साधनात) बनवलाय. मधे उंच कडा, त्याला चारी बाजूंनी खंदक, आत जायला एकच वाट, आणि ती वाट मुद्दाम तीन हत्ती शेजारी-शेजारी मावतील एवढीच ठेवली. यादव म्हणून द्रविड घेतले, खलजी म्हणून हिंदुस्थानी. यादवांचं मुख्य सैन्य सुरुवातीला गडावर नाही, दूर स्वारीवर आहे, आणि ते परत येईपर्यंत आतल्या मूठभर पायदळावर गड लढवायचा. तेवढ्या वेळात धान्य पुरवायचं हे सगळ्यात कठीण. मी यादवांकडून आजवर अकरा वेळा खेळलो आणि तीनदाच गड राखता आला.

तुम्ही आधी हिंदुस्थानींचे दहा सामने खेळा, सगळे ‘अरेबिया’ या नकाशावर, समोर कुठलीही सिव्ह आली तरी. प्रत्येक सामन्याचं रेकॉर्डिंग ठेवा आणि त्यातली फक्त पहिली पंधरा मिनिटं परत बघा. टाउन सेंटर किती वेळ रिकामं होतं आणि त्याचा पहिला तबेला किंवा आर्चरी रेंज तुम्हाला कितव्या मिनिटाला दिसली, हे दोन आकडे वहीत लिहा. दहा सामने झाले की ती वही आणि शेवटचं रेकॉर्डिंग पाठवा, मग हत्तींकडे वळू.